डॉक्टरांपुढं ‘बरं आहे’ म्हणू नका

आज मला तुमच्याशी दिव्यांग प्रमाणपत्राबद्दल बोलायचंय. म्हणाल, आमच्या घरात कुणी आंधळं नाही, पांगळं नाही, आम्हाला काय करायचंय हे? थांबा जरा. आजची गोष्ट त्या बायांची आहे, ज्यांना बघून कुणी दिव्यांग म्हणणार नाही. आमवात आहे, लकव्यानं एक बाजू गेलीय, साखरेनं पायाचं बोट काढावं लागलंय, डोक्याच्या आजाराच्या गोळ्या चालू आहेत. अशा बाया प्रत्येक गटात दोन-तीन तरी असतात.

सुरुवात माझ्या घरापासूनच करते. माझ्या थोरल्या जाऊबाईंना अकरा वर्षांपासून आमवात आहे. सकाळी उठल्यावर त्यांची बोटं मिटत नाहीत. ऊन चढेपर्यंत हातात पाण्याचा तांब्यासुद्धा धरवत नाही. खुरपणीला जाणं कधीच बंद झालं. पण दुपारी दोन वाजता तुम्ही घरी आलात, तर त्या चहा करून देतील, हसून बोलतील. तुम्हाला वाटेल, यांना काय झालंय?

गटातल्या ताईंच्या सांगण्यावरून आम्ही अर्ज केला. तपासणीची तारीख आली. निरवांगीहून पहाटेच निघालो. रांगेत थांबून नंबर लागला तेव्हा दुपार झाली होती आणि जाऊबाईंचे हात तोवर मोकळे झाले होते. डॉक्टरांनी विचारलं, “कसं आहे आता?” जाऊबाई म्हणाल्या, “बरं आहे, चाललंय.” डॉक्टरांनी विचारलं, “वेणी घालता येते का?” त्या म्हणाल्या, “येते की.” “मांडी घालून बसता?” “बसते.”

येताना एसटीत मी विचारलं, “अहो जाऊबाई, वेणी तर रोज पोरगी घालते ना तुमची?” तर म्हणाल्या, “अगं, परक्या माणसापुढं काय रडायचं?”

प्रमाणपत्र आलं, त्यावर लिहिलं होतं ३४ टक्के. योजनांचा उंबरठा ४० टक्क्यांचा. सहा टक्क्यांनी आम्ही बाहेर राहिलो. डॉक्टरांची काही चूक नव्हती. त्यांना जे सांगितलं आणि त्या दुपारी जे दिसलं, ते त्यांनी लिहिलं.

तेव्हा मला जे कळलं नव्हतं, ते आज तुम्हाला सांगते.

आजाराचं नाव पुरत नाही

आपण दवाखान्यात जाऊन सांगतो, “मला साखर आहे, बीपी आहे, संधिवात आहे, मला प्रमाणपत्र द्या.” तिथंच गाडी अडते. दिव्यांग प्रमाणपत्र आजाराच्या नावावर मिळत नाही. त्या आजारानं तुमच्या शरीराचं किंवा मनाचं कोणतं काम कायमचं किंवा दीर्घकाळासाठी हिरावून घेतलं, ते मोजून मिळतं.

आपला कायदा आहे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६. तो एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सातच प्रकार होते. नव्या कायद्यात ते २१ झाले. अंधत्व, कमी दिसणं, ऐकू न येणं, हातापायाचं अपंगत्व हे आपल्याला माहीत असलेले प्रकार. त्यांच्या जोडीला काही आजार नावानिशी आहेत. सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया हे रक्ताचे आजार, कंपवात म्हणजे पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस, मज्जासंस्थेचे इतर जुनाट आजार, स्नायू झिजत जाण्याचा आजार आणि मानसिक आजार. ॲसिड हल्ल्यात भाजलेल्या आणि कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या व्यक्तीही या यादीत आहेत.

साखर, बीपी, हृदयविकार, मूत्रपिंडाचा आजार, कर्करोग, आमवात ही नावं या यादीत नाहीत. म्हणून निराश होऊ नका. साखरेनं पाय कापावा लागला, तर ते हातापायाचं अपंगत्व झालं. साखरेनं नजर गेली, तर ते दृष्टीचं झालं. बीपी वाढून लकवा मारला आणि हात उचलत नाही, तर तेही हातापायाचंच. आमवातानं सांधे आखडून वाकडे झाले, तर त्याचीही मोजणी होते. रोगाचं नाव कोणतंही असो, त्यानं काय अडलं ते बघितलं जातं.

हे एकदा लक्षात आलं की डॉक्टरांपुढं काय बोलायचं तेही आपोआप कळतं.

टक्के कसे ठरतात

हातापायाच्या तपासणीत डॉक्टर सांधा किती वळतो, ताकद किती आहे हे बघतात. त्याशिवाय रोजची कामं विचारतात. हातासाठी सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत दहा कामांची यादी दिलेली आहे. डोक्यावर ठेवलेली वस्तू काढून परत ठेवणं, हातानं जेवणं, केस विंचरून वेणी घालणं, सदरा अंगात घालणं, पेलाभर पाणी पिणं, शौचानंतर स्वच्छता करणं, बटण लावणं, नाडी बांधणं, लिहिणं अशी ती कामं. पायासाठी सपाट जागेवर चालणं, चढावर चालणं, जिना चढणं, उकिडवं बसणं, मांडी घालणं, गुडघ्यावर बसणं, वळणं हे बघतात.

बघा, वेणीचा प्रश्न डॉक्टरांनी गप्पा म्हणून विचारला नव्हता. तो मोजणीतला प्रश्न होता आणि जाऊबाईंनी त्याला ‘येते की’ म्हणून उत्तर दिलं.

दुसरी गोष्ट. एकापेक्षा जास्त त्रास असतील तर सगळे सांगा. पुष्कळ बाया हाताचं दाखवायला जातात आणि डोळ्याचं बोलतच नाहीत. दोन त्रासांची सरळ बेरीज होत नाही, त्याचं सूत्र ठरलेलं आहे. पण समजा हाताचे ३० टक्के आणि नजरेचे २० टक्के निघाले, तर त्या सूत्रानं एकत्र साधारण ४३ टक्के होतात. एकट्या हातावर ती बाई बाहेर राहिली असती.

तिसरी गोष्ट वेळेची. उपचार चालू असतानाच लगेच मोजणी होत नाही. लकव्यानंतर पहिले काही महिने सुधारणा होत राहते, म्हणून डॉक्टर थांबायला सांगतात. याचा अर्थ त्यांनी नाही म्हटलं असा धरू नका. पुन्हा कधी यायचं ते विचारा आणि कागदावर लिहून घ्या.

चौथी गोष्ट. प्रमाणपत्र कायमचं असतं किंवा काही वर्षांच्या मुदतीचं. बदलण्याची शक्यता असलेल्या आजारात मुदतीचं देतात. त्यावरची तारीख घरच्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. मुदत संपली आणि कळलंच नाही, म्हणून लाभ बंद पडल्याचे प्रकार होतात.

जाण्याआधी महिनाभर एक वही

जुनाट आजाराचं दुखणं असं, की ते रोज सारखं नसतं. आज बरं, उद्या अंथरुणात. तपासणी मात्र एका दिवशी, दहा-पंधरा मिनिटांची. म्हणून बाकीचे दिवस डॉक्टरांपर्यंत कसे पोचवायचे, याची तयारी आपणच करायची.

पोराची एक जुनी वही घ्या. महिनाभर रोज दोन ओळी लिहा. लिहिता येत नसेल तर लेकीला, नातवाला सांगा. किती वाजता उठून बसता आलं. कोणतं काम दुसऱ्यानं करून दिलं. कुठं तोल गेला. कोणत्या गोळीनं गुंगी आली. किती दिवस मजुरीला जाता आलं नाही. “फार दुखतं” असं लिहून उपयोग नाही. “भाकरी थापता आली नाही, सुनेनं केल्या” असं लिहा. “चक्कर येते” यापेक्षा “मंगळवारी मोरीत पडले” हे जास्त सांगून जातं. ही वही काही सरकारी कागद नव्हे, पण ती वाचून गेलेली बाई डॉक्टरांपुढं अडखळत नाही.

कागद एका पिशवीत, तारखेप्रमाणे लावा. पहिल्या निदानाचा कागद, रक्ताचे रिपोर्ट, एक्स-रे, एमआरआय असेल तर तो, दवाखान्यातून सोडताना दिलेलं कार्ड, सध्याच्या गोळ्यांची चिठ्ठी. ज्या डॉक्टरांकडं नेहमी जाता, त्यांच्याकडून एक पत्र मागा. आजार कधीपासून आहे, उपचार काय झाले, आता काय अडतं, एवढं त्यात असलं तरी पुरे.

सोबत असा माणूस न्या, जो तुमच्या घरात राहतो आणि तुमचा वाईट दिवस बघतो. मानसिक आजारात तर हे फारच गरजेचं. तिथं स्वतःची निगा, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम या गोष्टी मोजतात. आजारी बाईला ते स्वतःहून सांगता येईलच असं नाही.

आणि खोलीत गेल्यावर खरं सांगा. वाढवून सांगू नका. डॉक्टर सांधा वळवून बघतात, त्यांना कळतं. पण कमी करूनही सांगू नका. “वेणी घालता येते का?” याला उत्तर असं द्या: “महिन्यातून चार-पाच दिवस येते, एरवी लेक घालते.” हे रडणं नव्हे. डॉक्टरांनी विचारलेल्या प्रश्नाचं ते नीट उत्तर आहे.

अर्ज कुठं आणि कसा

अर्ज ऑनलाइन होतो, केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर. त्यातून प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, दोन्ही मिळतं. मोबाइलवरून लेकरंही भरू शकतात, नाहीतर महा ई-सेवा केंद्रात जा. आधार कार्ड, फोटो, सही किंवा अंगठा आणि आजाराचे कागद लागतात. सरकार या अर्जाची फी घेत नाही. केंद्रवाला टाइप करण्याचे, प्रिंटचे पैसे घेईल, तेवढेच द्या.

अर्जात तपासणीचं रुग्णालय निवडावं लागतं. ते आपल्या जिल्ह्यातलं असावं किंवा जिथं उपचार चालू आहेत ते सरकारी रुग्णालय असावं. इंदापूर आणि बारामतीला सरकारी रुग्णालयं आहेत, पुण्यात औंधचं जिल्हा रुग्णालय आणि ससून आहे. पण प्रत्येक ठिकाणी प्रत्येक प्रकारचा तज्ज्ञ नसतो. हाडाचे डॉक्टर कोणत्या वारी बसतात, मानसोपचाराचे कुठं, हे आधी आशाताईंकडून किंवा फोन करून विचारून घ्या. नाहीतर एक दिवसाची मजुरी आणि गाडीभाडं पाण्यात जातं. अर्जाच्या पावतीवरचा नंबर जपून ठेवा.

२०२४ च्या सुधारित नियमांप्रमाणे कार्डाचे तीन रंग आहेत. ४० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर पांढरं, ४० ते ८० च्या आत पिवळं, ८० आणि त्याहून जास्त असेल तर निळं. प्रमाणपत्र देण्यासाठी याच नियमांत तीन महिन्यांची मुदत धरली आहे.

अर्ज नाकारला तर कारण लेखी मिळायला हवं. टक्के कमी वाटले किंवा नकार आला, तर निर्णयाच्या तारखेपासून ९० दिवसांत अपील करता येतं. जिथं तपासणी झाली, त्याच रुग्णालयात अपील कुणाकडं करायचं ते विचारा आणि अर्जाची पोच घ्या. ९० दिवस म्हणजे तीन महिनेच. सण, लग्नसराई, ऊसतोड यात ते कधी निघून जातात कळतही नाही.

पैसा कोणत्या दारानं येतो

आता मुद्द्याचं. आपल्याकडं १९८० पासून संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. ती तहसील कार्यालयातून चालते, आपलं तहसील इंदापूर. या योजनेला दोन दारं आहेत आणि बहुतेक बायांना एकच माहीत असतं.

पहिलं दार दिव्यांगांचं. ४० टक्के किंवा जास्त असलेलं प्रमाणपत्र लागतं. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांपर्यंत चालतं. दिव्यांगांसाठी ऑक्टोबर २०२५ पासून महिन्याला २,५०० रुपये केले आहेत, आधी १,५०० होते.

दुसरं दार आजाराचं. क्षयरोग, कर्करोग, एड्स, कुष्ठरोग, पक्षाघात यांसारख्या दुर्धर आजारामुळे जी बाई स्वतःचा चरितार्थ चालवू शकत नाही, तिला या दारानं जाता येतं. इथं टक्क्यांचं प्रमाणपत्र लागत नाही, सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याचा आजाराचा दाखला लागतो. उत्पन्नाची मर्यादा मात्र कडक आहे, वर्षाला २१,००० रुपये. यात महिन्याला १,५०० रुपये मिळतात. म्हणजे कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या बाईला ‘तू दिव्यांग यादीत नाहीस’ असं कुणी सांगितलं, तरी तिनं तिथून परत फिरायचं नाही. दुसरं दार ठोठवायचं.

दोन्ही दारांना वय १८ ते ६५ च्या आतलं आणि महाराष्ट्रात १५ वर्षांचं वास्तव्य लागतं. रहिवासी दाखला, वयाचा पुरावा, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार आणि आधार जोडलेलं बँक खातं तयार ठेवा. ६५ पूर्ण झालेल्यांसाठी श्रावणबाळ योजना आहे. लाभ सुरू झाला की दरवर्षी हयातीचा दाखला द्यायला विसरू नका.

आता एक प्रश्न सगळ्याजणी विचारतात. लाडकी बहीण चालू असेल तर? दुसऱ्या सरकारी योजनेतून दरमहा १,५०० किंवा जास्त मिळत असतील, तर लाडकी बहीण मिळत नाही. दोन्ही एकदम घेता येत नाहीत. हिशोब करून ठरवा आणि लपवून ठेवू नका, आधारमुळे ते उघड होतंच.

आणखी थोडं. ४० टक्क्यांवरच्या दिव्यांगांना एसटीत ७५ टक्के सवलत आहे. सिकलसेल, हिमोफिलिया, एचआयव्ही आणि डायलिसिसच्या रुग्णांना एसटीत मोफत प्रवासाची सवलत आहे. डायलिसिसचे उपचार महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतात. क्षयरोगाच्या रुग्णाला उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये मिळतात. आणि ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. येत्या ग्रामसभेत विचारा, “आपल्या गावचे पाच टक्के किती झाले, आणि कुणाला दिले?” एकटीनं विचारलं तर आवाज दबतो, दहा जणींनी विचारलं तर इतिवृत्तात लिहावं लागतं.

मधल्या माणसापासून सावध

“ताई, दहा हजार द्या, साठ टक्के करून आणतो,” असं सांगणारा कुणीतरी भेटतोच. त्याच्या नादी लागू नका. खोट्या मार्गानं दिव्यांगांचा लाभ घेतला तर याच कायद्याच्या कलम ९१ प्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. खटला होईल तो कागदावर नाव असलेल्या बाईवर. खरा आजार असलेल्या बाईनंही पैसे देऊन खोटा कागद आणला, तर तिचा खरा आजारसुद्धा खोटा ठरतो.

गटानं काय करायचं

एका बैठकीत अर्धा तास काढा. कुणाच्या घरात असं दुखणं आहे, याची यादी करा. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांच्या वहीसाठी एक मुलगी नेमा. तपासणीला जाणाऱ्या बाईला एकटी पाठवू नका. गाडीभाडं नसेल तर अंतर्गत कर्जातून द्या. जिचं काम झालं, तिनं पुढचीला वाट दाखवायची.

जाऊबाईंचं पुढं काय झालं ते सांगते. ९० दिवसांतले ५२ संपले होते, तेव्हा आम्ही अपील केलं. या वेळी वही होती, नेहमीच्या डॉक्टरांचं पत्र होतं आणि सोबत मी नाही, त्यांची लेक गेली. डॉक्टरांनी पुन्हा तेच विचारलं, वेणी घालता येते का. जाऊबाई क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “नाही साहेब. दोन वर्षं झाली, ही घालते.” लेकीनं सांगितलं, हे म्हणताना आईचा आवाज कापत होता.

कागद आला, ४४ टक्के, पाच वर्षांच्या मुदतीचा. तारीख आमच्या कॅलेंडरवर लिहिलेली आहे. संजय गांधीचा अर्ज तहसीलमध्ये दिलाय, त्याची पोच माझ्याकडं आहे.

मैत्रिणींनो, दुखणं गिळून हसत राहायचं, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलंय. घर त्याच्यावरच चालतं म्हणा. पण तपासणीच्या खोलीत ती सवय उंबऱ्याबाहेर चपलांपाशी काढून ठेवा. आत आहे ते सांगा. निघताना पुन्हा घाला हवी तर.